फुंकायची परीक्षा

आमच्या चिऊच्या फुप्फुसांची तपासणी १९ डिसेंबर २०२४ ला नाशिकला झाली. तपासणी जेमतेम पाऊण तासाची. तिथवर पोचायला आम्हाला सात वर्षं चार महिने लागले. त्यातली निम्मी वर्षं तर अशी काही तपासणी असते हेच ठाऊक नव्हतं. काचेच्या पेटीतून बाळ घरी आलं, वजन धरलं, चालायला लागलं, की सगळे म्हणतात, 'सुटलात बुवा.' आम्हालाही तसंच वाटलं होतं. जळगाव-धुळ्याकडच्या कुणाच्या घरी कमी दिवसांचं लेकरू असेल तर त्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळं क्रमाने लिहिते. आकडे आमच्या फायलीतले आहेत. तुमचे वेगळे असतील.

मला तारीख दिली होती १२ नोव्हेंबर २०१७. चिऊ आली १८ ऑगस्टला, पोळ्याच्या तीन दिवस आधी. २७ आठवडे ५ दिवस, वजन ९८० ग्रॅम. सातव्यात माझं बीपी वाढत गेलं, पायांवर आणि तोंडावर सूज आली, लघवीतून प्रथिनं जायला लागली. १६ तारखेला रात्री अमळनेरहून १०८ ने जळगावला हलवलं. निघण्याआधी सिस्टरांनी एक इंजेक्शन दिलं. 'हे तुमच्यासाठी नाही, बाळाच्या छातीसाठी आहे,' म्हणाल्या. बारा-बारा तासांनी अशी चार असतात, मला तीन मिळाली. पुढे प्रत्येक डॉक्टरने पहिला प्रश्न हाच विचारला, की बाळंतपणाआधी स्टेरॉइडची इंजेक्शनं मिळाली होती का आणि किती. तेव्हा ही नोंद जपून ठेवा.

माझ्या सासूबाई अहिराणीत बोलतात. काचेतून नात बघून त्या एवढंच म्हणाल्या, 'माय वं, इतलीशी पोर!' मग मला धीर द्यायला म्हणाल्या, सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही. हे सगळीकडेच म्हणतात. डॉक्टरांना विचारलं तर ते हसले. म्हणाले, उलट आहे ताई, पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या फायद्याचा.

पहिल्याच दिवशी नळीतून सर्फॅक्टंट दिलं. श्वास सोडल्यावर हवेच्या बारीक पिशव्या आतून चिकटून बसू नयेत म्हणून फुप्फुसात एक थर असतो, तो या बाळांमध्ये पुरेसा तयार झालेला नसतो. नऊ दिवस व्हेंटिलेटर, मग तीन आठवडे नाकावर सीपॅप (नाकातून सतत दाबाने हवा देणारं यंत्र), मग नुसत्या ऑक्सिजनच्या नळ्या. श्वास घ्यायला विसरू नये म्हणून रोज कॅफिनचं औषध. चहाकॉफीतलंच ते, हे ऐकून मिस्टर पहिल्यांदा हसले. तिसऱ्या आठवड्यात डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झाली. ती चुकवू नका, तिची वेळ निघून गेली तर परत येत नाही.

पैशांचं सांगते. आमचं रेशनकार्ड केशरी, म्हणून महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसलो. दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथे जायचं. बाळाचं नाव रेशनकार्डावर कुठून असणार? आमच्याकडून जन्माचा दाखला, आईबापापैकी एकाबरोबर बाळाचा फोटो, रेशनकार्ड आणि आमचं आधार मागितलं. दाखला महापालिकेतून आणायला मिस्टरांच्या तीन चकरा झाल्या. पेटीतल्या बाळाबरोबर फोटो कसा काढायचा यावर एक दिवस गेला. शेवटी मीच काचेला गाल लावून उभी राहिले. तेव्हा कुटुंबाला वर्षाची मर्यादा दीड लाखाची होती (आता पाच लाख झाली आहे). ती संपल्यावर साधारण एक लाख नव्वद हजार आमचे गेले. त्यात माझी पाटली, आणि सुरतच्या दिरांनी पाठवलेले साठ हजार.

दाखल्यावर आणि डिस्चार्ज कार्डावर चिऊचं नाव नव्हतं, 'बेबी ऑफ' आणि पुढे माझं नाव. त्याने पुढे काय घोळ झाला ते येईलच.

१५ ऑक्टोबरला, वसुबारसेच्या आदल्या दिवशी, चिऊचे ३६ आठवडे भरले, म्हणजे पोटातले आणि बाहेरचे मिळून. त्या दिवशी डॉक्टरांनी फाइलमध्ये एक ओळ लिहिली: छत्तिसाव्या आठवड्यात ऑक्सिजन चालू, बीपीडी, मध्यम. आम्हाला तेव्हा दिवाळीला घरी जायचं पडलं होतं, त्या ओळीकडे कोण बघतो! सात वर्षांनी सगळी गाडी त्याच ओळीवर येऊन थांबली.

बीपीडी म्हणजे ब्राँकोपल्मनरी डिसप्लेजिया. नाव पहिल्यांदा १९६७ साली अमेरिकेत दिलं गेलं. तेव्हाची बाळं जरा मोठी असायची आणि यंत्राच्या दाबाने, ऑक्सिजनने फुप्फुसाला इजा व्हायची. आता त्याहून लहान बाळं वाचतात, त्यांच्यात इजेपेक्षा वाढ अर्धवट राहण्याचा भाग मोठा. हवेच्या पिशव्या कमी आणि मोठ्या, नळ्या अरुंद. माझे वडील यावल तालुक्यातले, केळीवाले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'म्हणजे घड लवकर कापला. चेंबरमध्ये ठेवून पिवळा होईल, पण भरणार नाही.' मला हे इतकं लागलं की दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. नंतर डॉक्टरांना तेच सांगितलं, तर म्हणाले, केळ कापल्यावर भरत नाही, फुप्फुस भरतं. पूर्ण दिवसांच्या बाळाच्यासुद्धा बऱ्याचशा पिशव्या जन्मानंतरच तयार होतात, पहिली दोन-तीन वर्षं जोरात आणि पुढेही काही वर्षं. वडिलांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, 'मग खत-पाणी नीट घाल.'

२ नोव्हेंबरला, ७६ दिवसांनी, आम्ही घरी आलो. वजन दोन किलो पन्नास ग्रॅम, आणि बरोबर ऑक्सिजनचं यंत्र. कॉन्सन्ट्रेटर भाड्याने घेतला, महिना साडेपाच हजार, अनामत दहा हजार. आमच्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. यंत्र साडेतीनशे वॅटचं. आमच्या इन्व्हर्टरवर तीन तास चाले, म्हणून एक छोटा सिलिंडर भरून कोपऱ्यात. वीज कंपनीच्या वायरमनदादांचा नंबर मी देवघराच्या भिंतीवर लिहून ठेवला होता. लहान मुलांचा प्रोब असलेला ऑक्सिमीटरच घ्या, मोठ्या माणसाचा चिमटा बाळाच्या बोटाला भलतेच आकडे दाखवतो. आम्हाला सांगितलं होतं, जागेपणी, झोपेत आणि दूध पिताना ९३ च्या वर. दूध पिताना घसरायचं. मी घोटघोटाला थांबायची. एक एक पाजणं तासाचं.

घरात खरी लढाई धुराची झाली. आमच्याकडे गॅस होता, पण पाणी तापवायला आणि भाकरी-भरताला चूल, चुलीत पराट्या. कापूस वेचून झाला की कपाशीच्या काड्यांचा हा ढीग अंगणात पडतो, फुकटचं जळण कोण सोडणार? शिवाय बाळाला अंघोळीनंतर ओवा-बाळंतशेपाची धुरी द्यायचीच, ही रीत. ऑक्सिजन लावलेल्या बाळाजवळ विस्तव! मी नाही म्हटलं तेव्हा शेजारच्या काकूंनी तोंड वाकडं केलं. मला वाटलं सासूबाईही चिडतील. त्या यंत्राकडे बघत बसल्या आणि संध्याकाळी स्वतःच म्हणाल्या, 'आते चूल मांगलदारे.' दुसऱ्या दिवशी मागच्या दाराबाहेर पत्र्याखाली चूल मांडली. मिस्टर जिनिंगमध्ये दिवाणजी आहेत, हंगामात घरी येतात ते डोक्यापासून पायापर्यंत रुईचे तंतू घेऊन. ते ओट्यावरच कपडे बदलून, हातपाय धुऊन आत यायला लागले. अजूनही तसंच चालतं.

फेब्रुवारी २०१८ मध्ये ऑक्सिजन सुटला, आधी दिवसाचा, मग रात्रीचा. यंत्र परत केलं त्या रात्री घर इतकं शांत होतं की मला झोप आली नाही.

लसींचं एक सांगायलाच हवं. उपकेंद्रात 'वजन भरू द्या, मग बघू' असं झालं आणि महिनाभर गेला. बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं, लसी जन्मतारखेनुसारच द्यायच्या, दिलेल्या तारखेनुसार नाही. न्यूमोकॉकलची लस तेव्हा आपल्या राज्यात सरकारी यादीत नव्हती, आम्ही खाजगीत एका डोसला ३,८०० मोजले. २०२१ पासून ती सरकारी लसीकरणात मोफत मिळते. फ्लूची लस मात्र अजून पदरमोड करून दरवर्षी. पहिल्या वर्षी महिन्याच्या अंतराने दोन, नंतर एकेक, पावसाळ्याच्या तोंडावर. एवढं करूनही पहिल्या दोन हिवाळ्यांत दोनदा ॲडमिट झाली. साधी सर्दी, दुसऱ्या दिवशी छाती आत ओढायला लागली, तिसऱ्या दिवशी दवाखाना. बरगड्यांखाली खड्डा पडतोय, नाकपुड्या फुगतायत, दूध सोडलंय, असं दिसलं की रात्र उलटायची वाट आम्ही बघायचो नाही.

मग कोरोना आला. २०२१ च्या एप्रिलमध्ये गल्लीतला प्रत्येक जण माझ्याकडे ऑक्सिमीटर वाचून घ्यायला येत होता. लिटर म्हणजे काय, नळी कशी लावायची, बोट गार असलं की आकडा का चुकतो, हे सांगणारी बी.कॉम. झालेली मी एकटीच. चिऊ कुणाला भेटली नाही, वर्षभर ओट्याखाली उतरली नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

चौथ्या-पाचव्या वर्षी खोकला सुरू झाला, आणि त्याला नाव पडलं 'बालदमा'. तीन डॉक्टर झाले, तिघेही चांगलेच, पण घाईत. छाती वाजतेय म्हणजे दमा, घ्या पंप. स्पेसरच्या नळकांड्यातून सकाळ-संध्याकाळ स्टेरॉइडचा पंप. 'पंपाची सवय लागते' असं सांगणारे नातेवाईक वेगळेच. ते खरं नाही, आणि मी बंद केला नाही. पण फरक म्हणावा तसा पडेना. आमच्या घरात कुणाला दमा नाही, तिला ना शिंका, ना अंगावर इसब-पित्त. ऑक्टोबर ते फेब्रुवारी, कापसाचा हंगाम, की खोकला. जिना चढली की थांबायची, पण तक्रार करायची नाही. तिला वाटायचं सगळ्यांनाच असं होतं.

जानेवारी २०२४ मध्ये शाळेच्या क्रीडादिनी पन्नास मीटर धावताना ती मध्येच खाली बसली. ओठ पांढरे. बाईंनी प्रेमापोटी तिला त्यानंतर खेळाच्या तासाला वर्गातच बसवायला सुरुवात केली. ते कळल्यावर मी फाइल शोधायला काढली. जळगावच्या आमच्या पहिल्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, 'ताई, तिची स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून फुप्फुसं मोजायची तपासणी, झालीय का? पाच-सहा वर्षांनंतर मुलं नीट फुंकू शकतात. लहान मुलांच्या छातीच्या डॉक्टरांना दाखवा, आणि एनआयसीयूचं, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाचं, डिस्चार्ज कार्ड न्या.'

डिस्चार्ज कार्ड! २०१९ च्या पावसात माळ्यावर पाणी गळलं तेव्हा ते भिजून त्याचा लगदा झाला होता.

जिथे बाळंतपण झालं त्या दवाखान्यात चार खेपा घातल्या. पहिल्या खेपेला अर्ज साध्या कागदावर चालेल म्हणाले, दुसऱ्या खेपेला छापील हवा होता. तिसऱ्याला, चिऊचं आधार आणि 'बेबी ऑफ'ची नोंद एकाच मुलीची कशावरून, हा प्रश्न आला. त्यासाठी जन्मदाखल्यावर नाव चढवलेलं लागलं. आम्ही ते वर्षाच्या आत केलं होतं म्हणून बरं, त्यानंतर विलंब शुल्क पडतं. चौथ्या खेपेला उत्तर मिळालं, जुनं रेकॉर्ड नष्ट केलंय. घरी येऊन वाचलं तर नियमच तसा निघाला. भरती रुग्णाचे कागद डॉक्टरांनी तीन वर्षं ठेवायचे, आणि तोवर मागितले तर ७२ तासांत द्यायचे. आम्ही सात वर्षांनी मागत होतो. म्हणून सांगते, घरी आल्याच्या आठवड्यातच सगळ्या पानांचे फोटो काढा, तीन जणांना पाठवून ठेवा, पहिल्या पानावर जन्मदाखल्याचा नंबर लिहा.

आमची सुटका नकळत झाली. २०१७ मध्ये मिस्टरांनी सुरतच्या दिरांना व्हॉट्सॲपवर कार्डाचे फोटो पाठवले होते, पैसे कशाला लागले ते दाखवायला. दिरांना फोनमधलं काही पुसायची सवय नाही. चार पानं मिळाली. तिसऱ्या पानावर ती ओळ होती.

नाशिकची पहिली वेळ मिळाली २१ नोव्हेंबरची, फोन केल्यापासून पाच आठवड्यांनी. १९ ला चिऊला सर्दी झाली. सर्दी-खोकला असताना ही तपासणी करत नाहीत, आकडे खोटे येतात. तशाही २० तारखेच्या मतदानामुळे बऱ्याच एसट्या निवडणुकीच्या कामाला लागल्या होत्या. पुढची तारीख १९ डिसेंबर.

मधल्या महिन्यात घरी सराव केला. मिस्टरांनी रुईचा बोळा आणला. टेबलाच्या एका कडेला ठेवायचा, एका दमात फुंकून दुसऱ्या कडेला न्यायचा. चिऊने याचं नाव ठेवलं 'फुंकायची परीक्षा'. डॉक्टरांच्या मदतनीस ताईंनी फोनवर सूचना दिल्या होत्या: सकाळी पंप घ्यायचा नाही, पोटभर जेवायचं नाही, घट्ट कपडे नकोत. आदल्या दिवशीच धुळे-मालेगाव करत नाशिक गाठलं. माझं अर्धं तिकीट, तिचं अर्धं, म्हणजे दोघींचं मिळून एक. लॉजचे आठशे.

आधी चपला काढायला लावून उंची मोजली. 'नॉर्मल' किती हे वय, उंची, मुलगा की मुलगी यावरून ठरतं, म्हणून उंची नीट मोजून घ्या. नाकाला चिमटा, तोंडात नळी, समोर पडद्यावर केकवरच्या मेणबत्त्या. पोटभर श्वास घे, आता फूऽऽऽ, अजून अजून अजून! पहिल्या दोन वेळा ती हसली आणि हवा गालातून गेली. तीन फुंका चांगल्या जुळेपर्यंत सात झाल्या. मग स्पेसरमधून सालब्युटामॉलचे, म्हणजे नळ्या उघडायच्या औषधाचे, चार दाब, पंधरा मिनिटं बाहेर बसून बिस्किट न खाता वाट बघणं (हे सगळ्यांत अवघड), आणि पुन्हा तेच. तपासणीचे १,२००, डॉक्टरांचे १,०००.

कागदावर आलं: पहिल्या सेकंदात बाहेर टाकलेली हवा अपेक्षेच्या ७१ टक्के, एकूण हवा ८८ टक्के. औषधानंतर ७१ चे ७४. डॉक्टरांनी दिरांच्या फोनमधली ती पानं मोठी करकरून वाचली, मग म्हणाले, 'दमा असता तर औषधाने बऱ्यापैकी उघडलं असतं. हिच्या नळ्या मुळातच अरुंद आहेत. हा जन्माच्या वेळचा मामला.' चालवून ऑक्सिजन बघितला, ९७. सीटी स्कॅन आत्ता नको म्हणाले. स्टेरॉइडचा पंप तीन महिन्यांत हळूहळू कमी करून बघायचा, स्वतःच्या मनाने एकदम बंद नाही. खेळू द्यायचं, दम लागला की थांबेल, तिचं तिला कळतं. तसं पत्र त्यांनी शाळेसाठी लिहून दिलं.

मी विचारलं, पुढे काय? त्यांनी कागदावर एक टेकडी काढली. माणसाचं फुप्फुस वीस-पंचविशीपर्यंत चढतं, मग सगळ्यांचंच हळूहळू उतरतं. हिची टेकडी इतरांपेक्षा बुटकी असेल, म्हणून उतारावर लवकर दम लागू शकतो. त्यामुळे चढावर जेवढं मिळवता येईल तेवढं मिळवायचं, आणि धूर, बिडी-सिगारेट आयुष्यभर लांब. दरवर्षी एकदा फुंकायचं. तुलना वर्गातल्या पोरांशी नाही, तिच्याच मागच्या कागदाशी.

'मी नापास झाले का?' चिऊने विचारलं. डॉक्टर म्हणाले, इथे पास-नापास नसतं.

घरी आल्यावर सासूबाईंना आकडा सांगितला. 'एक्काहत्तर टक्का? मंग पास शे ना!' म्हणाल्या आणि तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. मग कागद हातात धरून बराच वेळ टेकडीकडे बघत बसल्या. वाचता येत नाही, पण टेकडी कळली. चूल मागच्या दाराला गेली तरी फुंकणी त्यांच्याच हातात होती, लग्न होऊन आल्यापासून चाळीस-बेचाळीस वर्षं. सकाळचा खोकला तर इतका जुना की आम्हाला तो ऐकूही येत नव्हता. म्हणाल्या, 'मनं बी करी ल्या ते फुंकानं.'

जानेवारीत त्यांना धुळ्याला नेलं. बिडी नाही, तंबाखू नाही, मिश्रीसुद्धा नाही. ५२ टक्के. सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार. डॉक्टरांनी विचारलं, स्वयंपाक कशावर? सासूबाईंनी आधी माझ्याकडे बघितलं.

आता घरात दोन पंप आहेत, दोन स्पेसर आणि दोन फायली. चिऊचा पंप मार्चअखेर सुटला, खोकला काही त्याने वाढला नाही. आजीचा चालू आहे, आणि श्वास आत ओढताना ती हमखास चुकते. तेव्हा समोर बसून नात तिला शिकवते: 'आजी, फुंकू नको. आते वढ.'